जांभळा पट्टा

कार्यालयात तिला सगळे नकाशेवाली म्हणत. नव्या पुलाकडे जाणारा रस्ता वस्तीतून काढायचा होता. त्याच्या जनसुनावणीसाठी लोकांना एका नजरेत समजेल असा फलक तिने करायचा होता. तीन आठवडे ती त्यालाच चिकटून बसली. अक्षरं मोठी केली, बोजड शब्द काढून टाकले. रस्त्यात जाणाऱ्या चौदा घरांवरचा पट्टा आधी लाल होता. लाल पाहून लोक बिथरतील असं साहेबांचं म्हणणं पडलं, म्हणून तो जांभळा केला.

सुनावणी शाळेच्या सभागृहात भरली. योजना मान्य असेल त्याने आपल्या घरावर हिरवा गोल चिकटवायचा, नसेल त्याने पिवळा. दुपारपर्यंत फलक हिरवागार झाला. साहेब खूश होते. नकाशेवालीला मात्र काही केल्या मेळ लागेना. ज्यांची घरं जाणार तेच हसत हसत हिरवा लावत होते.

तेवढ्यात तिची मावशी आली. मावशीचं घरही पट्ट्यात होतं. आपण तोंडाने सांगण्यापेक्षा तिला फलकावरच कळू दे, अशी स्वतःची समजूत घालून नकाशेवाली आजवर गप्प राहिली होती. मावशीने चष्मा पुसला, घर शोधलं आणि त्यावर हिरवा गोल दाबून बसवला.

"मावशी, हा पट्टा कसला ते कळलं ना?"

"न कळायला काय झालं? नळाची नवी लाइन. त्या शेजारच्या फलकावरही जांभळीच आहे की."

शेजारचा फलक पाणी खात्याचा होता. नकाशेवालीने मग एकेकाला विचारलं. शिंप्याला ती पुलाची सावली वाटली होती. निवृत्त मास्तर म्हणाले, फुलझाडं असतील. रंगांचा खुलासा खालच्या कोपऱ्यात लिहिला होता, पण तिथे कुणीतरी चहाचं टेबल लावलं होतं.

तिने फलक उतरवून जमिनीवर आडवा ठेवला. नकाशातली नदी खऱ्या नदीच्या बाजूला येईल असा फिरवला आणि पेनने प्रत्येक घराचं दार काढलं. शिंपी उकिडवा बसला. आपलं दार सापडल्यावर त्याचं बोट तिथेच थांबलं.

"म्हणजे माझं मशीन आहे तिथून रस्ता जाणार?"

"हो," ती म्हणाली.

मग सगळे एकदम बोलू लागले.

साहेबांनी तिला बाजूला घेतलं. गोल मोजून झालेत, आता घोळ घालू नकोस, असं त्यांनी बजावलं. त्यातला कुठला गोल रस्त्याला, कुठला नळाला आणि कुठला फुलझाडांना, हे मलाच सांगता येत नाही, तेव्हा अहवालावर मी सही करणार नाही, असं तिने सांगितलं. साहेब फलकावर वाकले. मग, हे मलाही नीट वाचता आलं नव्हतं, असं पुटपुटले आणि सुनावणी पंधरा दिवस पुढे ढकलली.

या वेळी पट्टा लाल होता, दारं होती, आणि मावशीला तिने आधीच घरी जाऊन सगळं सांगितलं होतं. मावशीने निवडत असलेली भाजी खाली न ठेवता ऐकून घेतलं होतं.

चौदापैकी अकरा घरांवर पिवळे गोल लागले. रस्त्याची आखणी नव्याने करायची असं साहेबांनी तिथेच जाहीर केलं. उरलेल्या तीन हिरव्यांतला एक मावशीचा होता.

"मावशी, अगं, लाल म्हणजे घर जाणार."

"ठाऊक आहे. तूच नाही का सांगितलंस?"

"मग हिरवा कशाला?"

"तुझे काका गेल्यापासून त्या चार भिंतींशी किती बोलायचं मी?" मावशी म्हणाली, आणि लगेच, "तुझं काम तरी आता मार्गी लागलं ना?" असंही विचारून गेली.

नकाशेवाली अहवाल लिहायला बसली. मावशीला घर खरंच नकोसं झालं होतं, की भाचीचं काम अडू नये म्हणून तिने हिरवा उचलला होता? तिने तीनदा विचार केला, तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं. शेवटी कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, 'समजून दिलेली संमती', आणि 'समजून' या शब्दाकडे ती कितीतरी वेळ बघत बसली.