डाळिंबाच्या सालीचा गुण

अफझलगंजच्या मागच्या गल्लीत तारामतीच्या सासूबाई, चतुराबाई, यांचं सोवळं इतकं कडक की शेजारच्या जमिलाबींची सावलीही त्यांना चालत नसे. पण तारामती बाहेरची झाली की तीन दिवस मागच्या अंगणात वेगळ्या चटईवर बसे, आणि तिथं सगळी सूट होती. नाहीतरी विटाळलेलीच; चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की सगळं धुऊन निघणार. मग भिंतीपलीकडच्या हातचं खाल्लं काय नि न खाल्लं काय. सासूबाईंचा हा न्याय तारामतीला फार सोयीचा पडला.

तिला ते दिवस महिन्यातून दोनदासुद्धा येत आणि अंगावरून फार जाई. चेहरा पांढराफटक पडलेला, जिना चढली तरी धाप लागे. घरात कुणाला त्याचं काही नव्हतं. विचारलं ते जमिलाबींनी. त्यांनी भिंतीवरून डाळिंबाच्या सालीचा काढा दिला, भिजवलेले अंजीर दिले, आणि वर शपथ घातली.

"रोज एक बखत बैठ के, गरम खाना. सबका होने के बाद का बचा-खुचा नक्को. मेरी कसम है, तारा."

तारामतीला आजवर असं कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं तो नेम धरला. सासूबाई धुसफुसत, पण दुपारी ती ताट वाढून घेऊन बसेच. हळूहळू गुण आला, पाळी महिन्याच्या महिन्याला येऊ लागली, गालांवर रंग चढला. मात्र बरी होत गेली तसे अंगणातले दिवस कमी झाले, जमिलाबी दुर्मिळ झाल्या, आणि वेडीला बरं होण्याचंच वाईट वाटू लागलं.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज शहरात आली आणि निजामाचं राज्य गेलं. गल्लीत पेढे वाटले. तारामतीनंही खाल्ला, आनंदानं खाल्ला. जमिलाबींचे यजमान निजामाच्या फौजेत होते. त्यांची नोकरी गेली. काही आठवड्यांनी भाजीवालीकडून कळलं, ते बिऱ्हाड आज कराचीला निघालंय.

तारामती परवाच न्हाली होती. पुढच्या खेपेला भिंतीपलीकडे कुणी असणार नव्हतं. तिनं लाटणं खाली ठेवलं.

"सासूबाई, मी बाहेरची झाले."

"परत? बघ तुझा तो काढा," म्हणत चतुराबाई सूप घेऊन मागच्या दारातच पाखडायला बसल्या.

तारामतीची चाहूल लागताच जमिलाबी हसत भिंतीशी आल्या. अंगणात चटई पाहिली आणि त्यांचं हसू मावळलं.

"अभी तो नहाई थी ना? फिर शुरू हुआ?"

मागे सुपाचा आवाज थांबला. खरं सांगितलं असतं तर हीसुद्धा भेट गेली असती.

"हौ," तारामती म्हणाली.

जमिलाबींनी तिचा हात धरला. त्यांना रडू आवरेना. "घर गया, शहर गया. सोची थी, तू तो अच्छी हो गई. वो बी मेरे हात से नै हुआ."

त्यांना पलीकडे उभ्या तांग्यातून हाका आल्या. हात सुटला. जमिलाबी तांग्यात जाऊन बसल्या. तांगा हलला तेव्हा कुठे ती भिंतीला बिलगून ओरडली, "मी बरी आहे, जमिलाबी. मी बरी झाले."

तांगा वळला होता.

"बरी असतीस," चतुराबाई मागून म्हणाल्या, "तर इथं बसली असतीस का?"