दोन जीबी, एक बांधी

मित्रांनो, मी एक जुने मेमरी कार्ड आहे, करंगळीच्या नखाएवढे. जागा फक्त दोन जीबी. माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला, पण त्यातले मला फारसे आठवत नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते २०११ च्या जुलैअखेर, अर्जुनी मोरगावच्या बसस्थानकासमोर, दुलीचंद यांच्या मोबाइलच्या दुकानात.

त्या शनिवारी बारावीतली रंजिता चिखलाच्या चपला दाराशी काढून आत आली. तिने दुसरेच एक कार्ड काउंटरवर ठेवले आणि घडलेले सांगितले. मी काचेखालून ऐकत होते.

तिची आई रुख्माबाई नवेगाव बांधजवळच्या त्यांच्या गावात रोवणीच्या गाण्यांत पुढे असे. धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, लावताना ती एक ओळ म्हणे आणि रांगेतल्या बाया ती उचलत. येत्या मंगळवारी नागपूरला तिच्या गळ्यातली गाठ काढायची होती. पुढे आवाज असाच राहील, असे डॉक्टर सांगू शकत नव्हते. म्हणून रंजिताने आठवडी बाजारातून आठ जीबीचे स्वस्त कार्ड आणले. विकणाऱ्याने त्यात सिनेमाची पाचशे गाणी फुकट भरून दिली, तेव्हा ती खूश झाली होती. आपल्या शेतातल्या रोवणीच्या शेवटच्या दिवशी तिने आईची गाणी त्यात घेतली. घरी येऊन लावली तर एकही वाजेना. यादीत चौदा नावे दिसत होती, आवाज नव्हता.

दुलीचंद यांनी ते कार्ड तपासले. लिहिले आठ असले तरी आत खरी जागा थोडीच होती आणि ती फुकटच्या गाण्यांतच संपली होती. त्यानंतर ते कार्ड नुसती नावे लिहून घेत राहिले.

रंजिताने मग सोळा जीबीच्या कार्डाकडे बोट दाखवले.

"बड़ा मत देख, बेटी," दुलीचंद म्हणाले. "भरके देख."

त्यांनी मला बाहेर काढले आणि संगणकाला लावून काठोकाठ भरले. सगळ्यात शेवटचे गाणे वाजवून पाहिले. आणखी एक घालायला गेले तेव्हा जागा नाही, असे मी सरळ सांगितले. त्यावर ते हसले आणि त्यांनी मला पूर्ण रिकामे केले. मग मी रंजिताच्या फोनमध्ये गेले. चाचणीसाठी त्यात बोलून झाले, मला काढून झाले, पुन्हा घालून ऐकून झाले. यात तिची बस चुकली. गाणी भरून देऊ का, असे त्यांनी विचारल्यावर ती घाईने म्हणाली, "नको काका, कोरंच राहू द्या."

पण आता गाणार कुठे? घरी रुख्माबाईने बसून म्हणून पाहिले. तिसऱ्या ओळीला ती अडखळली.

"बसून गाणं येते का व?" ती म्हणाली. "हात चालले तं शब्द येतेत."

गावातली रोवणी उरकली होती. कालव्याच्या टोकाला, जिथे पाणी उशिरा पोचते, तिथे फक्त टिकारामचे शेत बाकी होते आणि तेही त्याच संध्याकाळी संपणार होते. रंजिता धावत तिथे गेली. टिकारामने सगळे ऐकून घेतले आणि कामावरच्या बायांना एक बांधी, म्हणजे बांधाने वेढलेला शेताचा एक तुकडा, न लावता सोडायला सांगितले.

"मायले सकाळी घेऊन ये," तो म्हणाला. "तेवढी बांधी ठेवतो."

रविवारी सकाळी मी प्लॅस्टिकच्या पिशवीत, फोनसकट रुख्माबाईच्या गळ्यात होते. बोलायचे नाही, असे सगळ्यांना बजावले होते. रांगेतली देवकाबाई दर दोन मिनिटांनी इतर बायांना गप्प करत होती. त्यामुळे माझ्यात सर्वात जास्त गोंगाट तिचाच आहे. बांधी लहान होती, तासाभराचे काम. पण गाणी संपेनात तशा बाया हळू हळू लावू लागल्या. एकेक पऱ्हा जपून, जणू तो मोडेल. टिकाराम धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा होता. त्याला ते कळले असावे; त्याने तिथेच बैठक मारली. दुपार झाली तेव्हा माझ्यात सोळा गाणी होती आणि सगळी वाजत होती.

ऑपरेशन नीट झाले. रुख्माबाई वाचली. आवाज मात्र घोगऱ्या कुजबुजीएवढाच उरला.

पुढच्या रोवणीला रंजिताने फोन आईच्या कमरेला बांधला. पहिली ओळ माझ्यातून निघाली आणि बायांनी ती उचलली. दुसऱ्या गाण्याच्या मध्येच माझ्यातली जुनी रुख्माबाई कडाडली, "काऊन व रंजिता, रांग वाकडी होऊन राहिली!" रंजिता दचकली. तिने खरोखरच हातातले दोन पऱ्हे उपटून सरळ लावले. रुख्माबाईच्या हसण्याला आवाज नव्हता. पण मी तिच्या कमरेला होते, मला ते कळले.

मित्रांनो, विकण्याआधी मला पारखणारे दुलीचंद, मला कोरे ठेवणारी रंजिता आणि त्या दिवशी सावकाश काम करणाऱ्या बाया, या सगळ्यांची मी ऋणी आहे. तुम्हीही कार्ड घ्याल तेव्हा आकड्यावर जाऊ नका. आधी भरून, वाजवून पाहा. आणि जे पुन्हा मिळणार नाही, ते एकट्या कार्डाच्या भरवशावर ठेवू नका. मी कितीही खरे असले तरी एक दिवस न सांगता बंद पडेन. रंजिताने रुख्माबाईची गाणी आणखी दोन ठिकाणी उतरवून ठेवली, त्या रात्री मला पहिल्यांदा निर्धास्त वाटले.