दूध उकळायचं नाही

सकाळच्या ओहोटीला व्हर्ना दाताळं घेऊन चिखलात उतरली आणि शिंपल्या काढून आली. पडून मोडलेलं खुब्याचं हाड जुळलं असलं तरी समुद्रावर जायचं नाही, असं तिच्या मुलीने, डार्लीनने, आदल्याच दिवशी बजावलं होतं. व्हर्नाने भरलेली बादली ओट्यावर ठेवली आणि गमबूट दाराच्या मधोमध काढले, मुद्दाम, डार्लीनला दिसावेत म्हणून.

टेबलावर पोर्टलंडच्या वृद्धाश्रमाचा फॉर्म होता. सहीची जागा तेवढी रिकामी. महिन्यापूर्वी व्हर्ना गॅसवर पातेलं विसरली होती. धूर पाहून शेजाऱ्याने डार्लीनला फोन केला, आणि ती आईला तिकडे न्यायला आली.

"आज शिंपल्यांचं सूप, चावडर, मी करणार," व्हर्ना म्हणाली. "एक जरी गोष्ट विसरले तर सही करते. नाही विसरले तर कागद घेऊन तू एकटीने जायचंस."

"किती हट्टी आहेस गं आई."

"आणि तू कुणावर गेलीस?"

तिने शिंपल्या वाफवल्या, त्यांचं पाणी फडक्यातून गाळलं, रेती तळाशी बसेपर्यंत थांबली. खारवलेल्या डुकराची चरबी वितळवून त्यात कांदा परतला. बटाटे त्या पाण्यात शिजवले. शिंपल्यांचं मांस घातलं, गॅस बंद केला, मग दूध आणि साय घालून झाकण ठेवलं. खारी बिस्किटं आणायला ती कोठीत गेली.

परत आली तेव्हा पातेलं खदखदत होतं. दुधाचे कण पाण्यापासून वेगळे झाले होते.

"गॅस लावायचा राहिला होता," डार्लीन म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता. "मी लावला."

व्हर्नाने गॅस बंद केला. "राहिला नव्हता. दूध घातलं की गॅस बंद. बटाट्यांच्या उष्णतेवरच ते तापतं. सात वर्षांची असताना तुला त्या स्टुलावर उभी करून हेच शिकवलं होतं."

डार्लीनने पातेल्यात पाहिलं. मग स्टुलाकडे.

"विसरलं कोण?" व्हर्नाने विचारलं.

व्हर्नाने दोन वाडगे भरले. "फाटलं तरी चव जात नाही. खा."

डार्लीनने दोन चमचे खाल्ले. "ते जळालेलं पातेलं मात्र खरं होतं, आई."

"होतं. अजून एखादं जळेल. पातेली माझी आहेत, घरही माझं आहे."

"आणि तू पुन्हा पडलीस तर?"

"तर माझ्याच जमिनीवर पडेन."

डार्लीन बराच वेळ बिस्किटाचा चुरा करत राहिली. व्हर्ना गरम पातेलं फडक्याने दोन्ही हातांनी धरून टेबलाशी आली आणि तशीच उभी राहिली.

"खाली काहीतरी ठेव. टेबल पोळेल."

डार्लीनने इकडेतिकडे पाहिलं. मग वृद्धाश्रमाचा फॉर्म चौपदरी दुमडून आईसमोर सरकवला.

"ठेव यावर," ती म्हणाली. "आणि मला अजून वाढ."