मामा लय चांगली हाय

सुभेदार आकाराम पिसाळांना राग यायला कारण लागत नाही, असं साताऱ्याच्या गोडोलीतली माणसं म्हणत. ते काही खरं नव्हतं. कारण असायचंच, फक्त ते दुसऱ्याला दिसायचं नाही.

त्यांचा थोरला, सयाजी, सहा वर्षं डेन्मार्कला दुधाच्या यंत्रांच्या कारखान्यात होता. तिथंच त्यानं लग्न केलं. बातमी आली तेव्हा आबा, म्हणजे आकाराम, आठवडाभर जेवणाच्या पाटावर बोलले नव्हते. शहात्तरच्या मार्गशीर्षात मामाच्या मुलीच्या लग्नासाठी सयाजी बायकोला घेऊन पहिल्यांदा साताऱ्यात आला. किर्स्टन उंच होती, हाडापेरानं मोठी, आणि आल्या दिवसापासून तिनं ठरवलं होतं की या घरात मराठीच बोलायचं.

अडायचं ते विशेषणांपाशी. "आई, मोठा भाकरी," ती म्हणायची. "नवी कुलूप." सासू साळूबाई तोंडाला पदर लावत आणि "मोठी गं, मोठी," म्हणून पुढची भाकरी थापत. किर्स्टन लगेच "मोठी भाकरी" म्हणायची आणि पुढच्याच वाक्यात "मोठी तवा" म्हणून मोकळी व्हायची.

आबांना पलटणीत असल्यापासून भाषेचा नाद. इंग्रजी त्यांनी सिग्नलच्या तुकडीत उचललेलं. सकाळी ओट्यावर उन्हाला बसले की ते सुनेला म्हणत, "पोरी, तू आमची शिकतीस, आता तुमची आमाला शिकव." ती अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत शिकवायची. एसटी मोठी, तर 'एन स्टोर बुस'. घर मोठं, तर 'एट स्टोर्ट हूस'. काही नामं 'एन'ची, काही 'एट'ची, आणि 'एट'चं नाम आलं की विशेषणाच्या शेपटाला 'ट' लावायचा. घरं पुष्कळ झाली की 'स्टोरे'.

"म्हंजे आमच्यासारखंच की!" आबा खूश झाले. "मोठा, मोठी, मोठं. तुमच्यात दोनच खाती. सोपं हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं समोरच्या घराकडं बोट दाखवलं. एखादं मोठं घर नव्हे, *ते* मोठं घर. 'दे स्टोरे हूस'.

"स्टोर्ट," आबांनी दुरुस्त केलं.

"नाही आबा. स्टोरे."

"आगं, घर त्येच हाय! काल त्येला 'ट' हुता. आज कुटं गेला?"

"ते घर म्हटलं की 'ट' जातो. माझं मोठं घर म्हटलं, तरी जातो."

"जातो म्हंजे? कुनाला इचारून जातो?" आबांनी मांडीवर थाप मारली. "आन् ल्हान घर?"

लहान घर 'लिले', लहान बस 'लिले', लहान माणूस 'लिले'. 'ट' वगैरे काही नाही. पण लहान घरं झाली की शब्दच बदलून 'स्मो'. आबा चिडून उठलेच. अंगणात एक फेरी मारून परत आले आणि म्हणाले, "चांगला मानूस, चांगली बाई. ते सांग."

"एन गोद मान. एन गोद कोने."

"दोनीला एकच? बाप्या आन् बाई, कायबी फरक न्हाई?"

"नाही," किर्स्टन म्हणाली. "फरक मूल. एट गॉट बार्न."

ते चांगलं मूल. मूल आपल्यातही 'ते'च. पण बाई आणि बाप्या एकाच खात्यात टाकणाऱ्या भाषेत वाढलेल्या पोरीला प्रत्येक तवा, भाकरी, कुलूप विचारून घ्यावं लागतं की बाबा, तू कोण. हे तिला किती जड जात असेल, ते आबांना त्या दिवशी कळलं.

"सयाजीला कसं आलं गं?"

ती हसली. तीन वर्षं सयाजी 'एट स्टोर हूस'च म्हणत होता. तिचे वडील सुतार. ते कधी हसले नाहीत. सयाजी चुकला की उत्तर देताना तेच वाक्य नीट करून म्हणायचे, "हो, स्टोर्ट हूस आहे खरं," आणि पुढं बोलायचे. न बघितलेल्या त्या व्याह्याबद्दल आबांना पहिल्यांदाच आपलेपणा वाटला.

लग्न सांगलीत होतं. मुलीचा बाप भाऊसो, म्हणजे साळूबाईंचा धाकटा भाऊ, उसाचा मोठा बागायतदार. मिशी झुपकेदार, आवाज त्याहून झुपकेदार. गोऱ्या सुनेला बघायला अर्धी आळी मांडवात लोटली. हळदीच्या दुपारी जेवणं उरकली, पानं फिरली आणि सनईची तबकडी थांबवून भाऊसोनं कर्णा लावलेला माईक हातात घेतला.

"आता आमची डेन्मार्कची सून मराठीत बोलनार!"

किर्स्टन लाजली, पण उठली. तिला वाटलं, आपला मान करताहेत.

"मामा कसा हाय, सांग बरं."

तिनं क्षणभर विचार केला. साळूबाईंकडून उचललेल्या बोलीत, एकेक शब्द जपून टाकत ती म्हणाली, "मामा लय चांगली हाय."

मांडव फुटला. भाऊसोनं मिशीवर हात फिरवला, लाजल्यासारखी मान मुरडली आणि डोक्यावर पदर घेतल्याचा अभिनय केला. हशा आणखी वाढला. "आन् मामी?"

"मामी... चांगला?"

"मामी चांगला! पुन्ना एकदा, पोरी, त्या मागच्यांस्नी ऐकू गेलं न्हाई!"

तिनं पुन्हा म्हटलं. सुरुवातीला तीही हसत होती. मग तिच्या ध्यानात आलं की लोक तिच्या बोलण्याला हसत नाहीत, तिला हसताहेत. मानेपासून कानापर्यंत ती लाल झाली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. सयाजी उठून आला, तेव्हा आबांना वाटलं की पोरगं बायकोला सोडवायला आलं. सयाजीनं माईक घेतला आणि तिच्याच आवाजात, तिच्यासारखेच ओठ काढून म्हणाला, "आई, मोठा भाकरी! नवी कुलूप!"

आबांच्या डोळ्यांपुढं मांडव राहिलाच नाही. दिसली ती लढाईच्या वेळची इटलीतली ऑफिसर मेस. ते बावीस वर्षांचे होते. मेजरच्या मडमेच्या फोटोकडं बोट करून ते 'ही' म्हणाले होते, कारण आपल्याकडं बाईला 'ही' म्हणतात. इंग्रजीत 'ही' म्हणजे बाप्या. साहेब लोक खुर्च्या बडवून हसले होते. नंतर दर रविवारी नव्या पाहुण्यांपुढं त्यांना उभं करायचे आणि तो फोटो दाखवायचे. आबा अटेन्शनमध्ये उभे राहून 'ही' म्हणायचे. हे त्यांनी साळूबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं.

ते चालत गेले आणि पोराच्या हातातून माईक ओढून घेतला.

"एट स्टोर हूस," ते म्हणाले. कर्ण्यातून ते सबंध आळीत गेलं. कुणालाच काही कळलं नाही.

"चुकलं माजं!" आबा गरजले. "आत्ता तुमच्याम्होरं चुकलोय. हसा की! का न्हाई हसत? कळलंच न्हाई तर हसनार कशानं? हितं एकटीला कळलंय मी चुकलो. बगा तिच्याकडं, हसती का ती?"

किर्स्टन हसत नव्हती.

"म्हयनाभर रोज चुकतोय मी तिच्याम्होरं. एकदा दात दाकवला न्हाई तिनं. आन् हा!" त्यांनी सयाजीकडं बोट केलं. "तीन वर्सं त्येच चुकत हुतास तू तिच्या बापाच्या घरात. त्या मानसानं तुला असा मांडवात नाचवला हुता का रं?"

"आबा, गंमत चालली होती..."

"गंमत? जिची चाललीय तिला इचारलंस?"

भाऊसोचा चेहरा पडला होता, पण यजमान तो होता. "दाजी, लगीन हाय घरात. माज्या दारात माजा अपमान करू नका."

"तुज्या दारात तू माज्या सुनेचा केलास, तवा दार कुनाचं हुतं?" आबांनी माईक खाली टाकला. कर्णा किंचाळला. "चल पोरी. साताऱ्याची गाडी हाय."

पण किर्स्टन हलली नाही.

"मी जात नाही," ती म्हणाली. हळू, पण नीट. "लग्न आहे. मी लग्न बघायला आले. आबा, तुम्ही मोठा बोललात. मी बोलणार होते. मला बोलू दिलं नाहीत."

आबांना थोबाडीत बसल्यासारखं झालं. त्यांचा राग जागच्या जागी अडखळला आणि कुठं जावं हे न कळून उभा राहिला. किर्स्टन सयाजीपाशी गेली आणि तिच्या भाषेत बोलली. मोठ्यानं नाही, भरभर. सयाजी चपलांकडं बघत ऐकत राहिला. एवढ्या सगळ्यातून आबांना तीनच शब्द उमगले, एन लिले मान. लहान माणूस. पोराच्या उंचीबद्दल ती बोलत नव्हती, हे कळायला व्याकरण लागत नव्हतं.

मग ती साळूबाईंच्या शेजारी बायकांत जाऊन बसली. कुणी तिच्याशी बोलेना. थोड्या वेळानं भाऊसोच्या बायकोनं, बनाबाईनं, हळदीची वाटी तिच्यापुढं सरकवली. "लाव नवरीला," ती म्हणाली.

आबा एकटेच एसटीनं परतले. साळूबाई, सयाजी आणि किर्स्टन लग्न लावूनच आले. गाडीत कऱ्हाडपर्यंत सयाजी बायकोची माफी मागत होता, असं साळूबाईंनी नंतर सांगितलं. किर्स्टननं ती कऱ्हाडलाही दिली नाही आणि साताऱ्यालाही नाही. डेन्मार्कला परतल्यावर दिली असेल, कारण पुढं त्यांचं बरं चाललं.

आबांपाशी मात्र ती सांगलीहून आल्याच्या दुसऱ्याच सकाळी ओट्यावर येऊन बसली. "आबा, पुढच्या वेळी आधी मला विचारायचं," एवढंच म्हणाली.

"इचारीन," आबा म्हणाले. सुभेदारानं कुणाला असा शब्द दिलेला साळूबाईंनी जन्मात ऐकला नव्हता.

भाऊसोशी बोलणं तुटलं ते तुटलंच. दिवाळीला साळूबाई एकट्या माहेरी जात, आणि आबा त्यांना स्टँडवर सोडायला जात. "आवं, किती दिस धरनार? मांडवातली गोष्ट ती," त्या एकदा गाडीत चढता चढता म्हणाल्या.

"तुजा भाव तिची माफी मागू दे," आबा म्हणाले, "तिची भाषा येत न्हाई तर मराठीतच मागू दे. मग बगू." आणि गाडी हलायच्या आत ते पाठ करून चालू लागले.