आधी पक्षी

आमच्या घरच्या शाईच्या चित्रांत आधी बांबू, मग पक्षी. मोठे भाऊजी खालून वर एकेक पेर ओढत न्यायचे. कुंचला दाबला, उचलला की संपलं, दुरुस्ती नाही. ते सोडतील त्या फांदीवर माझा नवरा पक्षी बसवायचा. गिऱ्हाईक बघायचं ते पक्ष्याकडेच. भाऊजींना ते सलायचं आणि, खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या व्हायच्या.

भाऊजी तापाने पडले आणि काम तर तोंडावर आलेलं. माझ्या नवऱ्याने कोऱ्या कागदावर आधी पक्षीच काढून ठेवला. नखं वळलेली, पायाखाली काहीच नाही. दादा उठला की खालून फांदी देईल, एवढाच त्या भोळ्याचा हिशेब.

भाऊजी उठले. कागद बघितला.

"म्हणजे आता माझा बांबू तुझ्या चिमणीच्या पायाखाली?"

"दादा, तसं नाही रे..."

भाऊजींनी शाई उगाळायचा दगड उचलला आणि त्याच्या उजव्या हातावर घातला. पुन्हा घातला. "अरे, सोड त्याला!" सासूबाई दारातून ओरडल्या. कुठलं बोट कुठे, कळेना. कागदभर रक्त.

डॉक्टर म्हणाले, हात राहील, कुंचला विसरा. "रागाच्या भरात झालं गं, सोडून दे," सासूबाई मला म्हणाल्या. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. याचा जाब कोण देणार, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

हात बांधून घरी आणला, तर भाऊजी आमची वाट बघत बसलेले. त्यांनी आपला उजवा हात मेजावर पालथा ठेवला आणि तोच दगड पुढे सरकवला.

"मार. फिटू दे."

माझ्या नवऱ्याने डाव्या हाताने दगड उचलला. खाली ठेवला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

माझा नवरा मऊ आहे. मी नाही. संसार माझाही बुडाला होता. मी दगड उचलला आणि अंगातला सगळा जोर लावून भाऊजींच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं.

भाऊजी किंचाळले. माझ्या नवऱ्याने मला असा धक्का दिला की डोकं भिंतीवर आपटलं. लग्न झाल्यापासून त्याने माझ्यावर कधी आवाजही चढवला नव्हता. भावाचा हात आपल्या बांधलेल्या हातावर तोलून धरत तो म्हणाला, "माझ्या दादाचा हात मोडलास! निघ माझ्या घरातून."

सासूबाईंनी दार उघडून धरलं.