थंड गाडीचं बॉनेट

"चढलं! चढलं!" असा गलका झाला आणि आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जमलेली पंचवीस-तीस डोकी एकदम माझ्या गाडीवर वाकली. कूलंटच्या बाटलीतलं हिरवं पाणी मघाशी खालच्या खुणेपाशी होतं. कुणी थेंबही न ओतता ते बोटभर वर आलं होतं. गाडी तापू नये म्हणून मंतरलेला दोरा देणारे शीतलबाबा डोळे मिटून पुटपुटत होते. इंजिन वीस मिनिटं चालूच होतं, कारण बाबांच्या मते "अग्नी जागा असल्याशिवाय त्याला शांत कसं करणार, भक्तहो?"

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. उष्णतेने द्रव पसरतात हा धडा मी तेवीस वर्षं शिकवतोय, तोही फळ्यावर आकृती काढून. त्या क्षणी तो धडा, ती आकृती आणि तेवीस वर्षं कुठे गेली होती कोण जाणे! मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली.

"सर हो म्हणतायत म्हणजे प्रश्नच मिटला," असं म्हणत दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी स्वतःच्या गाडीसाठीही दोरा घेतला.

माझ्या रेडिएटरच्या नळीला दोरा बांधताना बाबांनी अटी सांगितल्या. "थंड गाडीचं बॉनेट उघडायचं नाही, झोपलेल्या शक्तीला त्रास होतो. आणि दोरा असेपर्यंत मेकॅनिकचा हात लागता कामा नये."

दुसरी अट मला फारच आवडली. महिन्यापूर्वी मेकॅनिक म्हणाला होता, "सर, कूलंट वर्षभरात थोडंफार कमी झालं तर चालतं. तुमचं दर आठवड्याला कमी होतंय. रेडिएटर कडेला पाझरतोय, बदलून टाका." मी "बघू" म्हणालो होतो. आता माझ्या आळसाला दैवी पाठिंबा मिळाला.

घरी मी आईला सगळं रंगवून सांगितलं. आईची मूत्रपिंडं थकली आहेत. आठवड्यातून दोनदा मी तिला डायलिसिसला नेतो, चार-चार तास. दिवसभरात तिला पाणीसुद्धा मोजूनच. तिच्या बाटलीवर चिकटपट्टीच्या रेघा आहेत, सकाळची, दुपारची, संध्याकाळची.

"वर आलेलं पाणी गाडी थंड झाल्यावर कुठे असतं रे?" तिने विचारलं.

"आई, थंड असताना बघायचं नाही."

"का?"

"अगं, तीच तर अट आहे!"

आईने चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी सकाळी, दवाखान्याच्या वाटेवरच्या पुलावर गाडीच्या तापमानाचा काटा लाल खुणेपलीकडे गेला. बॉनेटखालून वाफ निघाली आणि गाडी थांबली. आई मागच्या सीटवर सुजलेले पाय वर घेऊन बसली होती, तिला दम लागत होता. टॅक्सी मिळेपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं. आम्ही दीड तास उशिरा पोचलो. परिचारिका म्हणाली, "पुढच्या पेशंटची वेळ ठरलेली आहे. आज अडीच तासच मिळतील." मी बाहेरच्या बाकावर बसून रडलो. शरम वाटली, म्हणून रडलो.

रविवारी बाबा पुन्हा दोरे बांधायला आले, तशी गर्दी जमली. मेकॅनिकने माझी गाडी तात्पुरती चालती करून दिली होती. आई खुर्ची घेऊन खाली आली, सोबत तिची चिकटपट्टी. माझी आणि दातांच्या डॉक्टरांची, दोन्ही गाड्या रात्रभर उभ्या, गार होत्या. दोन्हींच्या बाटल्यांवर पाण्याच्या पातळीला तिने पट्टी लावली.

"बाबा, तुम्ही माझ्या मुलाच्या गाडीवर मंत्र म्हणा. इंजिन बंद राहील. डॉक्टर, तुम्ही तुमचा दोरा सोडा, इंजिन चालू करा आणि गप्प उभे राहा."

"माताजी, शक्तीची परीक्षा घेऊ नये!"

"माझ्या रक्ताची दर महिन्याला परीक्षा होते, रक्त काही रागावत नाही. म्हणा तुम्ही."

एवढ्या गर्दीसमोर बाबांना पळता येईना. वीस मिनिटं त्यांनी घसा फोडला, पण आमचं पाणी पट्टीवरून हललं नाही. डॉक्टरांच्या गाडीतलं बोटभर वर आलं.

"इथे अश्रद्धा फार आहे," बाबा घाम पुसत म्हणाले.

"मग शेजारच्या गाडीत काय श्रद्धा भरली होती?" आईने विचारलं. पहिल्यांदा हसले ते डॉक्टर.

मग मी पुढे झालो. सगळ्यांना समजावून सांगितलं. इंजिन तापलं की कूलंट पसरतं आणि जादा झालेलं बाटलीत येतं. गाडी गार झाली की ते परत आत जातं. खरी पातळी थंड गाडीतच कळते, म्हणून तर बाबांना थंड बॉनेटची भीती. "हे मला माहीत होतं," मी म्हणालो, "तरी मी मान डोलावली. माझ्या भरवशावर ज्यांनी दोरे घेतले, त्यांची मी माफी मागतो." माझं बोलणं संपेपर्यंत बाबा फाटकाबाहेर गेले होते.

सोमवारी मी रेडिएटर बदलून घेतला. तुम्हालाही हात जोडून सांगतो, गाडी गार असताना बाटली बघा, गरम असताना झाकणाला हात लावू नका, आणि पातळी वारंवार उतरत असेल तर मेकॅनिकला विचारा. कुणी एखादी गोष्ट बघूच नका म्हणाला, तर आधी तीच बघा. बाबांनी मला फसवलं असं लोक माझी समजूत काढायला म्हणतात. पण गाडी मी चालवत होतो, आणि आईचा तो दीड तास मी घालवला.