तीसच्या आत

नरसिंगच्या फटफटीचा काटा कायम पंचावन्नवर असायचा. गाडी भिंतीला टेकून उभी असो, चिखलात रुतलेली असो की चढावर धापा टाकत असो, काटा आपला पंचावन्न. लढाईच्या काळातली इंग्रजी गाडी ती. कुण्या गोऱ्या साहेबानं हैदराबादेत सोडून दिलेली, आणि चार हात फिरत फिरत हिंगोलीच्या हायस्कुलातल्या चित्रकलेच्या मास्तरच्या दारात येऊन थांबलेली. नरसिंग तिला सकाळी अशी पुसायचा, की शेजारची भागूबाई त्याच्या बायकोला, केशरला म्हणायची, "माय, तुजं लेकरू तरी इतकं चकचकीत असतंय का गं?"

केशरला तो काटा बघवत नसे. औरंगाबादच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली बाई, काटा गंजून बसलाय हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण कळणं वेगळं, आणि तान्हं पोर पोटाशी धरून मागं बसलेलं असताना वळणावर समोर पंचावन्न दिसणं वेगळं. सुगत झाल्यापासून तिला जगातली प्रत्येक वस्तू टोकदार दिसायला लागली होती. बाजेचा कोपरा, चुलीजवळची काडी, भागूबाईच्या हातातल्या बांगड्यासुद्धा. पोर जरा जास्त वेळ गप्प झोपलं की ती त्याच्या नाकाखाली बोट धरायची, त्यानं ते जागं व्हायचं, आणि मग हे एकाएकी जागं का झालं म्हणून ती काळजीत पडायची.

पण पुसेगावला गेल्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिथं सासू होती, पद्माबाई, आणि तिला दर ऐतवारी नातू लागायचा. एस.टी. जायची, पण ती कधी जायची ते एस.टी.लाच ठाऊक. राहिली फटफटी.

एका ऐतवारी येताना सडकेवर शेळ्या आडव्या आल्या. नरसिंगनं गाडी अशी काही वळवली, की केशरचा जीव एका शेळीच्या शिंगावरून जाऊन परत आला. घरी पोचताच ती तडक आत गेली. पोराला पाळण्यात टाकलं, पाणी प्याली आणि म्हणाली, "आजपासून गाडी तीसच्या वर न्यायची नाही. एकदा जरी गेली तर गुलाबचंदला देऊन टाकायची."

गुलाबचंद म्हणजे चौकातला कापडवाला. त्याचा या गाडीवर फार दिवसांचा डोळा होता. मास्तर दिसले की नमस्काराच्या आधी तो गाडीची खुशाली विचारायचा.

"मला कबूल हाय," नरसिंग म्हणाला. "पण तीस झाले का चाळीस, ते कळावं कसं? आपल्या गाडीला पंचावन्नाशिवाय दुसरा आकडाच येत न्हाई."

"तेच तर म्हणते मी."

नरसिंगनं झोपलेल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. "घे, शब्द दिला. तीसच्या आत." तो हसत नव्हता, हे केशरनं पाहून घेतलं. पाहून घेणं हा तिचा स्वभावच होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचा धाकटा भाऊ अमृत नांदेडहून आला. तो तिथं पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. त्याच्या पिशवीत कपडे कमी आणि तारा जास्त असत. अट ऐकून त्याचे डोळे चमकले.

"आक्का, काटा कशाला पाहिजे? आकडेच बसवून देतो. लाल, पेटणारे. मुंबईहून आणून ठेवलेत मी. चाकाच्या आऱ्याला एक लोहचुंबक बांधायचा. चाकाचा फेरा झाला की एक इशारा. इशारे मोजायचे, आकडा दाखवायचा. डिजिटल."

"आन् माझा काटा?" नरसिंगनं विचारलं.

"दाजी, तुमच्या काट्याला धक्का लावत न्हाई. त्याला पेन्शनीत बसू द्या."

दोघांनी ओसरीवर दुकान मांडलं. तारांचे वेढे, कथलाचा धूर, खिळे, पक्कड. केशर पोराला घेऊन दारात उभी राहून एकेक खिळा मोजत होती. पाच काढले तर पाच खिळ्यांच्या डब्यात परत गेले पाहिजेत. शेवटी हँडलच्या डाव्या अंगाला एक डबी बसली. चाक हातानं गरकन फिरवलं तशी डबीत दोन लाल आकडे उगवले. केशरला ते आवडले. काट्यासारखे थरथरणारे नव्हते, अंदाजाचे नव्हते. बारा म्हणजे बारा.

पण उन्हात गाडी काढली की आकडे दिसेनात. मग अमृतनं चहाच्या डब्याचा पत्रा कापून डबीवर छज्जा केला. छज्जा चांगला लांब केला तेव्हा आकडे ठळक दिसायला लागले, फक्त ते मागं बसणाऱ्याला दिसत. चालवणाऱ्याला दिसायचा तो चहाचा डबा.

"हे उलटं झालं की रे," नरसिंग म्हणाला.

"बराबर झालंय," केशर म्हणाली. "राहू दे तसंच."

आता आकडे खरे करायचं काम राहिलं. चाकाचा घेर मोजून हिशोब बसला असता, पण टायर एकीकडं झिजलेलं, हवा आज एक तर उद्या दुसरी. अमृत म्हणाला, सडकेवरच जुळवू. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत बराबर दोन मिनिटांत जायचं, म्हणजे तीसचा वेग. तेवढ्यावर डबीचा पेच फिरवून आकडा तीसवर आणला की झालं. "दाजी, सरळ सडक कुठली? दगड पाहिजेत पण."

"दगड? पुसेगावच्या सडकेला पाहिजे तेवढे."

ते खरंच होतं. त्या सडकेवरचे लोक अंतर दगडांतच सांगत. वावर चौथ्या दगडाला, आंब्याचं झाड पाचव्याला, पावण्याची सोयरीक नवव्या दगडाच्या पल्याड. दगडांवरचे आकडे कधीच झिजून गेले होते. गावचे लोक सणासुदीला चुना मारत, एवढाच त्यांचा मान. कोणी मैल म्हणत नसे, कोणी किलोमीटर म्हणत नसे. दगड म्हणजे दगड.

दुपार कलताना दोघं गेले. नरसिंग पुढं, अमृत मागं, एका हातात कळ दाबली की थांबणारं कॉलेजचं घड्याळ, दुसऱ्या हातात पेचकस. परत आले ते तोंडावर धूळ आणि मिशीत हसू घेऊन.

"आक्का, तीस म्हणजे बक्कळ वेग असतोय बरं," अमृत म्हणाला. "माझी टोपी उडाली."

"जुनी गाडी," नरसिंग म्हणाला. "आवाजानं जास्त वाटतंय."

त्यानंतरचे ऐतवार मोठे मजेचे गेले. गाडी नरसिंग चालवायचा, पण चालवायची केशर. आडवं बसून, मांडीवर शालीत बांधलेला सुगत, आणि मान वळवून नजर छज्ज्याखाली.

"किती?" नरसिंग विचारायचा.

"अठरा."

"आता?"

"चोवीस. खड्डा आहे पुढं. हां, आता चालू द्या. सत्तावीस."

पहिल्या ऐतवारी तिनं सत्तावीसलाच लगाम घातला. दुसऱ्या ऐतवारी तिला वाटलं, तीसच्या आत म्हणजे एकोणतीसही आतच की. वारा कानाशी फडफडायचा, ज्वारीची रानं मागं पळायची, आणि एरवी जरा कुठं खुट्ट झालं की जागं होणारं पोर गावाबाहेरच्या फाट्यापासून जे झोपायचं ते आजीच्या दारात डोळे उघडायचं. एकदा तर त्यांनी एस.टी.ला मागं टाकलं. केशरनं आकडा बघितला, एकोणतीस. तिला एस.टी.ची कीव आली.

"अहो, अजून एक वाढवा. तीस होतील."

"पाह्य बरं. गुलाबचंद वाट पाहून राहिला."

"मी बघून राहिले ना. वाढवा."

पद्माबाई दारातच उभी असायची. "आज तर लईच लवकर आलात माय. पीठ मळून व्हायचंय माझं." नातवाला घेऊन, त्याचे पाय चाचपून ती म्हणायची, "पहिले येत होतीस तं तोंड पांढरंफेक असायचं तुजं. आता गाल पाह्य. आरसा देऊ का?"

केशर हसायची. तिला स्वतःलाही नवल वाटायचं. भीती कुठं गेली, तर त्या दोन लाल आकड्यांत जाऊन बसली होती. तिथं ती दिसत होती, मोजता येत होती, आणि तीसच्या आत होती.

पावसाळा सरल्यावर कळमनुरीला जायचं निघालं. नरसिंगची बहीण जिवनबाई तिथं दिलेली, तिनं नवं घर बांधलं होतं. ही सडक डांबरी, नांदेडकडं जाणारी, आणि दगड नवे, पिवळ्या डोक्याचे, आकडे ठसठशीत. सकाळचं ऊन छान होतं. केशरनं गाडी एकोणतीस-तीसवर आणून ठेवली आणि पोराला पाजायची वेळ झाली का ते बघायला मनगटावरचं घड्याळ पाहिलं. तेवढ्यात एक पिवळा दगड मागं गेला. तिनं सहज मनाशी धरलं, दोन मिनिटांनी दुसरा येईल.

दुसरा सव्वा मिनिटातच आला.

तिला वाटलं, नजर चुकली. पुढचा दगड धरला. सव्वा मिनिट. आकडा तीस. त्याच्या पुढचाही सव्वा मिनिटात आला, आणि केशरनं मनाशी गणित मांडलं. सव्वा मिनिटाला एक किलोमीटर म्हणजे तासाला अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीसाला तीसनं भागलं तर एक पूर्णांक सहा. मैलाचे किलोमीटर करायला शाळेत याच आकड्यानं गुणायला लावत. पुसेगावचे ते चुना मारलेले दगड निजामाच्या वेळचे होते. मैलाचे.

इतके ऐतवार. पोर मांडीवर.

"अहो, एकोणीसवर आणा."

"काहून?"

"आणा म्हणते ना."

नरसिंगनं गाडी हळू केली. आता खरे तीस झाले होते. कळमनुरी येईना. जिवनबाईच्या घरी केशरनं नव्या घराचं कौतुक केलं, पुरणपोळी खाल्ली, पण घास फिरत होता. जिवनबाईनं दोनदा विचारलं, "वैनी, तब्येत बरी हाय ना?" ती हो म्हणाली. मनात एकच चाललं होतं. हे तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. सांगितलं तर अट तिची होती, आणि अटीप्रमाणे गाडी गुलाबचंदच्या दुकानापुढं उभी राहणार. नाही सांगितलं, तर पुढच्या ऐतवारी नरसिंग विचारणार, किती? आणि ती काय सांगणार?

परतीलाही एकोणीसच. सुगत टक्क जागा होता आणि सूर लावून रडत होता. डब्यातून दूध नेणारा एक सायकलवाला काही वेळ त्यांच्या बाजूनं चालला. "मास्तर, पेट्रोल संपून राहिलं का?" त्यानं मायेनं विचारलं, आणि उतार लागताच पुढं निघून गेला.

नरसिंगनं गाडी बाजूला घेतली. उतरला, प्लगची टोपी हलवून पाहिली, चाकाशी कान नेला. "काय बिघडलं सांग बरं. आवाज येऊन राहिला का कुठं? तुझे कान माझ्यापेक्षा तिखट हायेत."

तो असा वाकून चाकाजवळ बसलेला पाहून केशरला राहवलं नाही. "गाडीला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "आपला आकडा चुकलाय. पुसेगावचे दगड मैलाचे आहेत. आपण तीस म्हणत होतो, ते अठ्ठेचाळीस होते."

तो उठून उभा राहिला. "कवापासून?"

"पहिल्यापासून."

"लेकरू घेऊन?"

"व्हय."

त्यानं हात पुसले, पुसतच राहिला. ती वाट बघत होती की तो हसेल, अमृतच्या नावानं चार शब्द बोलेल. तो म्हणाला, "ठीक हाय. शब्द दिला व्हता मी. उद्या गुलाबचंदला निरोप धाडतो."

आणि तो खरंच धाडील, हे तिला दिसलं. हा माणूस बेफाम आहे म्हणून तिनं अट घातली होती. आणि हा माणूस इतके ऐतवार डोळ्यांसमोर चहाचा डबा धरून, ती सांगेल तेवढीच गाडी पळवत होता. एकदाही वाकून आकडा बघितला नव्हता.

"निरोप कशाला?" ती म्हणाली. "आकडा कोण सांगत होतं?"

"तू."

"एकोणतीसला 'अजून एक वाढवा' कोण म्हणालं?"

"तूच."

"मग गाडी काहून द्यायची?"

नरसिंगनं विचार केला. "हे बी खरं हाय. मग गुलाबचंदला तुलाच द्यावं लागंल. पण तो घेईल का? त्याला गाडीच पसंत हाय."

केशरला हसू नको होतं, पण आलं. रडता रडता सुगतही थांबला आणि आईच्या तोंडाकडं बघायला लागला.

"अमृत आला की पेच फिरवून घेऊ," ती म्हणाली. "तोवर गुणाकार मी करीन. बसा."

गाडी निघाली. एकोणीस दिसले, ती म्हणाली, "तीस." नरसिंगनं तिथंच धरून ठेवली. बाजूनं रानं सावकाश चालली होती, एक बैलगाडी मोठ्या मुश्किलीनं मागं पडली, आणि सुगतनं पुन्हा सूर लावला. केशरनं पुढं पाहिलं. सडक कोरडी होती, सरळ होती, शेळ्या नव्हत्या. हे तिनं एकदा पाहिलं, मग पुन्हा नीट पाहिलं.

"जरा वाढवा."

गाडीचा आवाज चढला. सुगतच्या पापण्या जड झाल्या.

"किती?" नरसिंगनं विचारलं.

आकडा पंचवीस होता. तिनं मनात गुणलं. "चाळीस."

नरसिंगनं लगेच मूठ सोडली, गाडी धिमी झाली.

"कमी काहून केली?"

"चाळीस म्हणालीस ना तू."

"हां, म्हणाले," केशर पोराच्या कानावर शाल ओढत म्हणाली. "चाळीसच ठेवा."